हौसेचे मोल

जत्रेला जाणाऱ्या माणसांचे मराठीने फार पूर्वीच तीन वर्ग करून ठेवले आहेत : हौसे, नवसे आणि गवसे. नवसे बोललेला नवस फेडण्यासाठी जातात. गवसे गर्दीत काही हाती लागते का हे पाहण्यासाठी जातात. हौसे मात्र जत्रा आहे म्हणून जातात. वरवर पाहता ही विभागणी गमतीची वाटते. परंतु मानवी कृतीच्या प्रेरणांचा एक चोख विचार तीत दडलेला आहे. नवशाची कृती ऋणातून निघते, गवशाची लाभाच्या अपेक्षेतून. दोघांच्याही दृष्टीने जत्रा हे साधन होय. हौशाला जत्रेकडून जत्रेखेरीज काहीच नको असते. म्हणूनच तिघांत त्याचे वर्तन समजावून सांगणे सर्वांत कठीण. 'कशासाठी आलास?' या प्रश्नाला नवशाजवळ उत्तर असते. गवशाजवळही असते, मग तो ते उघड सांगो वा न सांगो. हौशाजवळ मात्र आपल्या येण्याचे, येण्याबाहेरचे असे कोणतेच कारण नसते.

जत्रांचे स्वरूप बदलले तरी हे तीन वर्ग बदललेले नाहीत. आजच्या काळातील एखाद्या डोंगरी सायकलशर्यतीचे उदाहरण घेता येईल. बँकेत किंवा शाळेत नोकरी करणारा, चाळिशी ओलांडलेला एक गृहस्थ शुक्रवारी संध्याकाळी चार मित्रांबरोबर निघतो, मोटारीच्या टपावर सायकली बांधून रात्रभर प्रवास करतो आणि शनिवारी पहाटे कुठल्यातरी डोंगराच्या पायथ्याशी छातीवर क्रमांक लावून उभा राहतो. बक्षीस आपल्याला मिळणार नाही, हे त्याला निघण्यापूर्वीच ठाऊक असते. प्रवेशशुल्क त्याने स्वतः भरलेले असते. दोन दिवस तो चढावर धापा टाकतो, उतारावर पडतो, शंभरांत सत्तरावा येतो आणि सोमवारी खरचटलेल्या गुडघ्यांनिशी कचेरीत हजर होतो. या दोन दिवसांत त्याने काही निर्माण केले नाही, कुणाचे दुःख हलके केले नाही, ज्ञानात भर घातली नाही. तरीही वर्षभर तो त्या दोन दिवसांबद्दल बोलत राहतो. येथे उपस्थित होणारा प्रश्न साधा असला तरी सोपा नाही. ज्या कृतीचा कुणालाच काही उपयोग नाही, ती जीव ओतून करणे हा चांगल्या आयुष्याचा एक भाग मानावा, की चांगल्या आयुष्यातून चोरलेला वेळ?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी 'हौस' या शब्दाकडेच पाहणे उपयुक्त ठरेल. तो मूळचा अरबी. 'हवस' या रूपात फारसीच्या मार्गाने तो उत्तरेकडील भाषांत रुळला आणि मराठीत 'हौस' झाला. हिंदीत 'हवस' म्हणजे अनावर वासना, लालसा; तो शब्द सभ्य घरात मोठ्याने उच्चारला जात नाही. मराठीत मात्र लेकीच्या लग्नाची हौस, दागिन्यांची हौस, गाण्याची हौस असे तो घरभर मोकळेपणाने वावरतो. एकाच शब्दाला दोन शेजारी भाषांनी दोन नैतिक मूल्ये दिली. इंग्रजीतील 'ॲमॅच्युअर' या शब्दाचे कूळही लॅटिनमधील 'प्रेम करणारा' या अर्थाच्या शब्दाशी जुळते. पुढे त्या शब्दाला 'कच्चा, अर्धवट' अशीही छटा आली. आपल्याकडे 'हौशी' या विशेषणाचे तेच झाले. 'हौशी नट' असे कौतुकानेही म्हणता येते आणि नाक मुरडूनही. प्रेम आणि लालसा, निष्ठा आणि उथळपणा या दोन्ही जोड्यांच्या सीमारेषेवर हा शब्द उभा आहे. म्हणूनच हौशी माणसाचे नैतिक मूल्यमापन करताना भाषाही आपल्याला एक निःसंदिग्ध उत्तर देत नाही.

मराठी आणि हिंदी ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींच्या शेजारी नांदल्या, त्या झाशीत या प्रश्नाला एक फार बोलके उदाहरण सापडते. मराठी वाचकाच्या मनात झाशी म्हणजे नेवाळकरांची गादी, राणी लक्ष्मीबाई आणि वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५८ च्या वेढ्यात आतून पाहिलेले शहर. परंतु विसाव्या शतकात त्याच शहराची आणखी एक ओळख निर्माण झाली, ती हॉकीमुळे. ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबादला झाला. वडील लष्करात होते आणि कुटुंब झाशीला स्थायिक झाले. १९२२ साली ध्यानचंद साधे शिपाई म्हणून लष्करात भरती झाले. १९२८ साली ॲम्स्टरडॅमला, १९३२ साली लॉस एंजेलिसला आणि १९३६ साली बर्लिनला भारतीय संघाने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले, त्या तिन्ही संघांत ते होते. बर्लिनला तर कर्णधार होते. १९३२ मध्ये अमेरिकेचा २४–१ असा पराभव झाला, त्यांतील आठ गोल त्यांचे आणि दहा धाकटे बंधू रूपसिंग यांचे. १९३६ चा अंतिम सामना भारताने यजमान जर्मनीविरुद्ध ८–१ असा जिंकला. एखाद्या खेळाडूला आयुष्यातील सर्वोत्तम सामना निवडण्यासाठी याहून मोठा साठा क्वचितच उपलब्ध असेल.

१९५२ साली प्रसिद्ध झालेल्या 'गोल' या आत्मचरित्रात ध्यानचंदांनी ही निवड केली आहे, आणि ती यांपैकी एकाही सामन्याची नाही. त्यांच्या मते त्यांचा सर्वांत चांगला सामना १९३३ साली कलकत्त्याला झालेल्या बेटन चषकाच्या अंतिम फेरीचा. एका बाजूला त्या काळातील मातब्बर खेळाडूंनी भरलेला कलकत्ता कस्टम्सचा संघ. दुसऱ्या बाजूला 'झाशी हीरोज' हा गावाकडचा संघ. या संघात ध्यानचंद, रूपसिंग आणि मुंबईच्या जी. आय. पी. रेल्वेकडून खेळणारा इस्माईल यांच्याखेरीज मोठे म्हणावे असे कुणी नव्हते, असे ध्यानचंदांनीच नमूद केले आहे. बाकीचे तरुण, जिद्दीचे, गावचे गडी. सामन्यात कस्टम्सचा जोर होता. झाशीचा गोल त्यांच्या दयेवर होता. अशात ध्यानचंद मध्यापर्यंत मुसंडी मारून आले आणि त्यांनी इस्माईलला लांब पास दिला. इस्माईल अर्धे मैदान धावत गेला. प्रतिपक्षाचा बचाव करणारा खेळाडू आणि गोलरक्षक यांच्यात क्षणभर गैरसमज झाला आणि त्या क्षणात इस्माईलने सामन्यातील एकमेव गोल केला. झाशी हीरोज जिंकले.

या निवडीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. गोलांचा पाऊस पाडण्यासाठी जगभर ओळखला जाणारा हा खेळाडू ज्या सामन्याला सर्वश्रेष्ठ मानतो, त्यात त्याच्या नावावर एकही गोल नाही. तो सामना देशासाठी नव्हता, जगापुढे नव्हता. विजयही वर्चस्वाचा नव्हता. संधी साधल्यामुळे मिळालेला तो निसटता विजय होता आणि ध्यानचंदांनी ते लपविलेले नाही. मग त्या सामन्यात असे काय होते? बरोबरीचे, किंबहुना वरचढ प्रतिस्पर्धी होते. पराभव खरोखर शक्य होता. आणि बाजूला आपल्याच गावची, आपल्याच मैदानावर वाढलेली माणसे होती. २४–१ अशा विजयात कीर्ती असेल. त्या सामन्यात खेळाडूची कसोटी लागत नाही. ज्याला खेळाकडून खेळच हवा आहे, त्याला कसोटी नसलेला विजय पुरा पडत नाही.

ॲलेस्डेर मॅकिंटायर या तत्त्वचिंतकाने १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कोणत्याही मानवी व्यवहारातील श्रेयांचे दोन प्रकार मानले आहेत. काही श्रेये त्या व्यवहाराच्या बाहेरची असतात : पैसा, पद, प्रसिद्धी. ती अन्य मार्गांनीही मिळू शकतात, आणि बहुधा ती एकाला मिळाली की दुसऱ्याच्या वाट्याला तेवढी कमी येतात. काही श्रेये त्या व्यवहाराच्या आतली असतात; तो व्यवहार केल्यावाचून ती मिळत नाहीत आणि एकाने ती मिळविली तर दुसऱ्याचे काही जात नाही, उलट साऱ्यांचाच लाभ होतो. अडचणीच्या क्षणी मैदानाचा अर्धा पट्टा ओलांडून नेमक्या जागी पोचणारा पास हे असे आतले श्रेय होय. ते पाहण्याचा आनंद पराभूत संघालाही घेता येतो. गवसा बाहेरच्या श्रेयासाठी जत्रेला येतो, हौसा आतल्या श्रेयासाठी. ध्यानचंदांच्या निवडीत आंतरिक श्रेयाला बाह्य श्रेयापेक्षा वरचे स्थान मिळाले आहे, आणि तेही बाह्य श्रेय ज्याला भरभरून मिळाले अशा माणसाकडून. न मिळालेल्या द्राक्षांना आंबट म्हणण्याचा आरोप येथे करता येत नाही.

डोंगरातील सायकलशर्यतीचा जन्मही असाच हौसेतून झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन परगण्यातील काही तरुण मित्र भंगारात गेलेल्या, जाड टायरांच्या जुन्या सायकली दुरुस्त करून टमाल्पेस पर्वताच्या परिसरातील मातीच्या वाटांवरून खाली सोडत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली नोंदलेली शर्यत घेतली. सुमारे दोन मैलांच्या अंतरात वाट तेराशे फूट खाली उतरत असे. त्या सायकलींचे मागच्या चाकातील ब्रेक उतारावर इतके तापत, की आतले ग्रीस जळून जाई आणि दर उतरणीनंतर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच त्या शर्यतीला 'रीपॅक' हे नाव पडले. चषक नाही, प्रायोजक नाहीत, प्रेक्षकही नाहीत. त्याच मित्रांच्या उठाठेवीतून पुढे डोंगरी सायकल तयार झाली, तिचा उद्योग उभा राहिला, १९९० साली कोलोरॅडोतील दुरँगो येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ साली अटलांटा येथे या प्रकाराला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला.

चांगला डांबरी रस्ता उपलब्ध असताना दगडधोंड्यांची वाट निवडावी, हे व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणाचे आहे. परंतु बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली दाखवून दिल्याप्रमाणे खेळाचे स्वरूपच असे आहे, की त्यात अनावश्यक अडथळे स्वखुशीने स्वीकारले जातात. चेंडू हाताने उचलून गोलात टाकणे अधिक सोपे असते. हॉकी खेळणारा ते करीत नाही, कारण तसे केले की खेळच उरत नाही. येथे स्वातंत्र्य आणि बंधन यांचा एक वेगळा संबंध दिसतो. रोजच्या आयुष्यातील अडचणी माणसावर लादल्या जातात आणि त्या टाळणे हे शहाणपण ठरते. खेळातील अडचण माणूस स्वतः निवडतो आणि ती टाळणे हा अप्रामाणिकपणा ठरतो. बुंदेलखंडातील ग्रॅनाइटच्या खडकाळ टेकडीवर सायकल चढविणारा माणूस शेवटच्या वळणावर उतरून ती खांद्यावर टाकू शकतो. कुणी पाहत नसते. तरी तो उतरत नाही. ज्याने स्वतःला दिलेला शब्द कुणाच्या देखरेखीवाचून पाळण्याची सवय लावून घेतली, त्याच्या हौसेला केवळ करमणूक म्हणता येणार नाही.

मात्र येथवर आलेला विचार फार लवकर समाधान मानतो. हौसेच्या या गुणगानाला तीन आक्षेप आहेत आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला आक्षेप सामाजिक आहे. बिनमोबदल्याच्या खेळाला श्रेष्ठ ठरविणाऱ्या विचाराचा इतिहास स्वच्छ नाही. इंग्लंडमधील हेन्ली येथील नौकाशर्यतीने १८७९ साली हौशी खेळाडूची व्याख्या केली, तेव्हा मजुरीवर पोट भरणारे कारागीर, यांत्रिक आणि श्रमिक यांना त्या व्याख्येतून वगळले. म्हणजे हौस हा सद्गुण मानायचा आणि तो फक्त फुरसत असलेल्यांनाच परवडेल अशी व्यवस्था करायची. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळविणाऱ्या जिम थॉर्प या मूळ अमेरिकन वंशाच्या खेळाडूची पदके पुढच्याच वर्षी काढून घेण्यात आली, कारण त्याने पूर्वी किरकोळ पैशांसाठी बेसबॉल खेळले होते. १९८३ साली त्याच्या वारसांना पदकांच्या प्रतिकृती देण्यात आल्या आणि त्या दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद २०२२ साली झाली. गरिबाने पैसे घेतले म्हणून त्याचे प्रेम कमी ठरत नाही आणि श्रीमंताने घेतले नाहीत म्हणून त्याचे प्रेम शुद्ध ठरत नाही.

यावरून एक निष्कर्ष अटळ आहे. हौसेचे सार मोबदला न घेण्यात नाही. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी नाट्यसंस्थेने १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्या कलावंतांनी रंगमंचावर जे दिले त्याचे मोल त्यांना मिळालेल्या पैशांवरून ठरत नव्हते. पुढे त्यांच्यापैकी काहींनी अभिनय हाच व्यवसाय केला म्हणून ते आपोआप उणावलेही नाही. मोबदला घेणारा माणूसही हौसा राहू शकतो आणि फुकट राबणारा माणूसही प्रतिष्ठेचा गवसा असू शकतो. खुद्द विष्णुभटांची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ते उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडण्याच्या हेतूने. मिळालेले द्रव्य बंडाच्या धामधुमीत लुटले गेले. आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी घरापर्यंत पोचविली. जे घेण्यासाठी गेले ते हाती राहिले नाही. जे पाहिले ते 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली ग्रंथरूपाने मराठीला मिळाले. कोणत्या हेतूने माणूस निघाला एवढ्यावरून त्याच्या कृतीचा पूर्ण हिशेब होत नाही. वाटेत त्याने कशाकडे मन लावून पाहिले, हेही त्या हिशेबात धरावे लागते.

दुसरा आक्षेप घरातला आहे, आणि तो अधिक बोचरा आहे. डोंगरी शर्यतीला गेलेल्या गृहस्थाचे दोन दिवस आकाशातून पडत नाहीत. त्या दोन दिवसांत घरातल्या म्हाताऱ्या आईचे औषधपाणी, मुलांचा अभ्यास, आलेगेले, गळका नळ हे सारे कुणीतरी पाहत असते, आणि बहुतेक घरांत ते 'कुणीतरी' म्हणजे पत्नी असते. तिच्या हौसेचे काय, हा प्रश्न विचारला जात नाही. किंवा विचारला गेला तर तिची हौस सणावारांच्या पक्वान्नांत आणि मुलांच्या कौतुकात मुरून गेली आहे असे सोयीस्कर उत्तर मिळते. पुरुषाच्या हौसेला 'छंद' म्हणायचे आणि बाईच्या हौसेला 'नाद', ही भाषेतली वाटणी मुळात वेळेची वाटणी आहे. हौशाला जत्रेकडून जत्रेखेरीज काही नको असते, हे खरे; पण जत्रेला जाण्यासाठी त्याला घराकडून बरेच काही हवे असते. ज्या आनंदाचा खर्च दुसऱ्याने न विचारता सोसायचा, तो आनंद कितीही शुद्ध असला तरी न्याय्य नाही.

या आक्षेपाला 'हौस ही वैयक्तिक बाब आहे' असे उत्तर देता येत नाही. त्याचे उत्तर एकच असू शकते : हौसेचा हक्क मानायचा असेल तर तो वाटून घ्यावा लागेल. जो माणूस एका रविवारी डोंगरात जातो, त्याने दुसरा रविवार कुणाला तरी मोकळा करून दिला पाहिजे. तो हा हिशेब टाळतो तेव्हा मराठी 'हौस' आणि हिंदी 'हवस' यांच्यातील अंतर झपाट्याने कमी होऊ लागते. दोन्ही शब्दांचे मूळ एकच असल्याची आठवण ठेवणे या ठिकाणी नैतिक दृष्ट्या उपयोगाचे आहे.

तिसरा आक्षेप तात्त्विक आहे. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात असे म्हटले आहे, की आयुष्यभर कष्ट करायचे ते करमणुकीसाठी, हे मूर्खपणाचे ठरेल; करमणूक ही विसाव्यासारखी असून विसावा हा पुढच्या कार्यासाठी असतो. भारतीय परंपरेत याच्या नेमकी उलट वाटणारी कल्पना आहे. ब्रह्मसूत्रांत जगाच्या उत्पत्तीचे कारण लीला असे सांगितले आहे. ज्याला काहीच कमी नाही, त्याच्या कृतीला गरजेचे कारण देता येत नाही म्हणून. दोन्ही विचार आपापल्या जागी ग्राह्य असले तरी हौशी माणसाला दोन्ही पुरते लागू पडत नाहीत. त्याची शर्यत विसावा नव्हे. कचेरीतल्या कामाहून ती अधिक थकविणारी असते. ती लीलाही नव्हे. कारण तो पूर्ण नाही, त्याला पुष्कळ कमी आहे, आणि ती उणीवच त्याला चढावर ओढून नेते. तसेच त्याच्या कृतीला निष्काम कर्म म्हणणेही सैल बोलण्यासारखे होईल. टिळकांनी 'गीतारहस्य' (१९१५) या ग्रंथात मांडलेल्या कर्मयोगात कर्तव्य आणि लोकसंग्रह यांना स्थान आहे. डोंगरावर सायकल चढविणे हे कुणाचेही कर्तव्य नाही. शिवाय हौशी खेळाडू फळाची आशा सोडत नाही. सामना चालू असेपर्यंत त्याने जिंकण्याची इच्छा सोडली, तर तो प्रतिस्पर्ध्याचा अपमान होय. तो एवढेच करतो, की ती इच्छा मैदानाच्या रेषेआत ठेवतो. फळ मिळाले नाही तरी कृती वाया गेली असे त्याला वाटत नाही. त्याग नव्हे, आसक्तीची ही मर्यादा आहे. आणि सामान्य माणसाला त्यागापेक्षा ही मर्यादा अधिक शक्य कोटीतली वाटते.

ही मर्यादा माणूस शिकतो कुठून, असा प्रश्न केला तर त्याचे उत्तर मित्रांत सापडते. ॲरिस्टॉटलनेच मैत्रीचे तीन प्रकार सांगितले : उपयोगासाठी, सुखासाठी आणि परस्परांच्या सद्गुणासाठी. मित्रांबरोबर केलेल्या स्पर्धेत सुखाची मैत्री नकळत तिसऱ्या प्रकारात जाऊ शकते. चढावर पुढे गेलेला मित्र पंक्चर झालेल्या मित्रासाठी थांबतो, तेव्हा तो आपली जागा गमावतो. ती गमावणे त्याला जागेपेक्षा लहान वाटते. फ्रान्समध्ये उगम पावलेल्या आणि गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील अनेक शहरांत रुजलेल्या 'ब्रेव्हे' या दीर्घ पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांनी तर ही भावना नियमातच बसविली आहे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत, अशी वेळेची अट असते. परंतु क्रमांक दिला जात नाही. पहिला आणि शेवटचा असा भेद नसल्याने माणसाची लढत वेळेशी, वाटेशी आणि स्वतःच्या आळसाशी होते. शेजारच्या माणसाशी नाही. याचा अर्थ क्रमांक असलेली शर्यत हीन ठरते असा नाही. कस्टम्ससारखा प्रतिस्पर्धी नसता तर झाशी हीरोजना आपले बळ कधी कळलेच नसते. प्रतिस्पर्धी हाही एका अर्थाने सोबतीच असतो. तो आपल्याला आपल्याकडून अधिक मागतो.

म्हणजे हौसेची कसोटी तीन प्रश्नांत सामावते. स्वतः निवडलेल्या बंधनाशी माणूस कुणी पाहत नसताना प्रामाणिक राहतो काय? ज्यांच्या वेळेवर त्याची हौस उभी आहे, त्यांनाही तो तसाच वेळ देतो काय? आणि आपल्याबरोबर खेळणाऱ्यांचे यश, आपल्या पासवर दुसऱ्याने केलेला गोल, त्याला स्वतःच्या यशाइतके सुख देते काय? या तिन्ही प्रश्नांना होकार असेल तर शंभरांत सत्तरावा आलेल्या गृहस्थाचे दोन दिवस चोरलेले नाहीत. एखाद्या प्रश्नाला नकार असेल तर पहिला आलेल्याचेही दोन दिवस संशयास्पद ठरतात.

एवढ्याने विषय संपत नाही, कारण एक प्रश्न हौशाला नव्हे तर त्याच्या हौसेवर आनंद लुटणाऱ्या समाजाला विचारायचा राहतो. ध्यानचंद १९५६ साली मेजर म्हणून लष्करातून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे उत्तरायुष्य मात्र आर्थिक ओढाताणीत गेले. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले आणि झाशीला हीरोजच्या मैदानावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यानंतरच्या काळात त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन झाला, दिल्लीच्या राष्ट्रीय स्टेडियमला त्यांचे नाव मिळाले, २०२१ साली देशाच्या सर्वोच्च क्रीडापुरस्काराशी ते जोडले गेले. सारे योग्यच झाले. परंतु त्यांपैकी काहीही त्यांच्या शेवटच्या दिवसांत उपयोगी पडले नाही.

'हौसेला मोल नसते' अशी मराठीत म्हण आहे. तिचे दोन अर्थ होतात. हौसेची किंमत करता येत नाही, इतकी ती मौल्यवान आहे, हा एक. आणि हौसेपोटी केलेल्या कामाची किंमत द्यावी लागत नाही, हा दुसरा. पहिला अर्थ हौशाने स्वतःशी धरायचा असतो. समाज मात्र पहिला अर्थ तोंडाने बोलतो आणि दुसरा आचरणात आणतो. हौशी नट, हौशी संशोधक, गावोगावची ग्रंथालये सांभाळणारे कार्यकर्ते, मैदानाची निगा राखणारे जुने खेळाडू यांच्या प्रेमाला 'अमोल' म्हणून गौरवायचे आणि त्या शब्दाच्या आडून देणे चुकवायचे, हा व्यवहार नवा नाही. माणसाने फळाकडे न पाहता काम करावे हा उपदेश ज्याने काम केले त्याने स्वतःला करावा. ज्याला त्या कामाचे फळ मिळाले त्याने तो करणे शोभत नाही. हौसा आपल्या हौसेचे मोल मागत नाही. ते द्यायचे की नाही, हा प्रश्न त्याच्या न मागण्याने सुटत नाही. तो इतरांच्या पदरी तसाच राहतो.